परदेशातल्या स्वयंपाकघरात स्लो कुकर आणि पॅलिओ चिकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कराडचं, सासर कोल्हापूरचं आणि गेली अकरा वर्षं संसार शिकागोच्या उपनगरात. ह्यांची शुगर काठावर आली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, आमच्याकडे आठवड्यातले चार-पाच दिवस पॅलिओ पद्धतीचं जेवण असतं. त्यात चिकन जास्त, आणि चिकन बहुतेक वेळा स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या डोहाळजेवणाला भेट झाली की तेच तेच प्रश्न निघतात. नवीन आलेली मुलं तर रात्री अकरा वाजता फोन करून विचारतात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं.

पॅलिओमध्ये नेमकं काय सोडायचं?

धान्यं, डाळी-कडधान्यं, दूध-दुभतं, साखर, आणि सूर्यफूल, सोयाबीन, मका अशी रिफाइंड तेलं. राहतं काय, तर मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंदमुळं, नारळ, सुकामेवा, मसाले. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात असेल त्याच्या जवळपास राहायचं, अशी मूळ कल्पना आहे. त्या काळी माणूस खरंच काय खायचा यावर वाद घालणारे घालोत, मला रोजच्या ताटापुरती ही यादी कामाची वाटते.

आपल्या बायकांना ही यादी उपासासारखी वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. शेंगदाणे, वरी, दही, दूध उपासाला चालतं, पॅलिओला नाही. शेंगदाणा हा नावाने दाणा असला तरी कुळाने शेंग आहे, म्हणजे कडधान्यांचा भाऊबंद. कांदा-लसूण मात्र इथे हवं तेवढं घाला.

मग आपलं चिकन यात बसतं का? की उकडलेलं फिकं खायचं?

बसतं, आणि फार सुखाने बसतं. कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं, लसूण, कोथिंबीर, मिरची, गरम मसाला. कोल्हापूरचा तांबडा रस्सा, मालवणी चिकन, गोव्याची शागुती, यांच्या वाटणात मुळातच धान्य किंवा दूध नसतं. उत्तरेकडचं बटर चिकन पॅलिओत आणायला बरीच कसरत करावी लागते. आपल्या रश्श्याला फक्त तेल बदलावं लागतं.

अडचण येते ती लपलेल्या गोष्टींची. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. मराठवाडा-सोलापूरकडच्यांनी आणलेल्या येसरात भाजलेली धान्यं आणि डाळ असते. रस्सा दाट व्हावा म्हणून कुणी डाळवं लावतं, कुणी दाण्याचं कूट. तयार मसाल्याच्या पाकिटात स्टार्च किंवा साखर सापडते, स्टॉकच्या वड्यांमध्येही. माल्ट व्हिनेगर बार्लीचं असतं. आणि नारळाच्या दुधाच्या डब्यावर ग्वार गम लिहिलेलं असेल तर तो आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. कडक पाळणारे तोही टाळतात. मी नुसतं खोबरं आणि पाणी असलेला डबा मिळाला तर तो घेते, नाही मिळाला तर अडून बसत नाही.

तूप? बटाटा? गूळ?

कडक पॅलिओत तूप नाही. पण चांगलं कढवलेल्या तुपात दुधातली प्रथिनं आणि साखर जवळजवळ उरत नाहीत, म्हणून बरेच पॅलिओवाले ते चालवून घेतात. मीही चालवते. बटाट्याबद्दल दोन मतं आहेत, आम्ही शुगरमुळे टाळतो. गूळ म्हणजे साखरच.

शिट्टीचा कुकर घरात असताना स्लो कुकर कशाला?

हा प्रश्न मला आईने विचारला होता. तिला मी म्हटलं, आजीच्या चुलीचा वैल आठव. पुढे जाळ चालू असायचा, भाकरी व्हायच्या, आणि मागच्या वैलावर उरलेल्या धगीवर पातेलं तासन् तास बसलेलं असायचं. कोणी ढवळत नसे, कोणी लक्ष देत नसे. संध्याकाळी झाकण काढलं की कोंबडी हाडापासून सुटलेली. स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल. आईला पुढे काही सांगावं लागलं नाही.

शिट्टीचा कुकर गॅसवर ठेवून तुम्ही ऑफिसला जाऊ शकत नाही. स्लो कुकर लावून जाता येतं. संध्याकाळी साडेसहाला बर्फातून गाडी चालवत घरी आलं की दार उघडताच रश्श्याचा वास येतो, आणि मग बाहेरून काही मागवायची इच्छा होत नाही. नवीन पद्धतीचं जेवण टिकतं की सुटतं ते या साडेसहाच्या वेळेवर ठरतं, असा माझा अनुभव आहे.

या भांड्याचा जन्मही असाच. शिकागोत राहणाऱ्या अर्व्हिंग नॅक्सन यांना या भांड्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातल्या आपल्या माहेरची गोष्ट सांगितली होती. ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नसते, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी चोलंट नावाच्या कालवणाचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचे आणि ते रात्रभर शिजायचं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय घेतला आणि १९७१ मध्ये ते भांडं क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणलं. कुठल्या तरी आजीची धग आणि माझ्या आजीचा वैल, दोन्ही एकच. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

सगळं एकदम भांड्यात टाकून बटण दाबलं तर नाही का होणार?

होईल, पण ते चिकन तुम्हाला आवडणार नाही. माझ्याकडे आलेल्या दहातल्या नऊ तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्लो कुकर दोन कामं करत नाही. तो भाजत नाही आणि तो पाणी आटवत नाही. झाकण घट्ट, आच मंद, वाफ वर जाते आणि थेंब होऊन परत खाली पडते. इकडच्या पाककृतींमध्ये कच्चा कांदा, कच्चं लसूण, टोमॅटो, चिकन सगळं टाकून देतात, कारण त्यांना उकडल्यासारखी चव चालते. आपल्या रश्श्याची चव भाजण्यात आहे. कांद्याला डाग पडले पाहिजेत, खोबरं बदामी झालं पाहिजे, चटणीने तेल सोडलं पाहिजे. हे उकळत्या पाण्याच्या खालच्या तापमानाला होणं शक्य नाही, मग आठ तास ठेवा की अठरा.

माझं पहिलं चिकन मी असंच केलं होतं. कच्चं वाटण, दोन पेले पाणी, 'लो'वर, म्हणजे मंद आचेच्या बटणावर, आठ तास. झाकण काढलं तर वर पिवळं पाणी, खाली कांद्याचे करकरीत तुकडे आणि दोरा दोरा झालेलं चिकन. आंबट टोमॅटोबरोबर कच्चा कांदा मंद आचेवर लवकर मऊ होत नाही, हे तेव्हा कळलं. ह्यांनी निमूटपणे खाल्लं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा भाजणं आधी, बाहेर. शिजणं नंतर, आत. एवढं पाळलं तर बाकी सगळं सोपं आहे.

रोज सकाळी वाटण भाजायला वेळ कुणाला आहे? आणि भाजलं की स्मोक अलार्म वाजतो.

रोज भाजायचंच नाही. रविवारी एकदा भाजायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये टाकायचं.

अलार्मचं मला चांगलं ठाऊक आहे. पहिल्या हिवाळ्यात रात्री दहा वाजता खोबरं भाजताना आमचा वाजला. बाहेर उणे अठरा, खिडकी उघडायची सोय नाही, शेजारच्या आजी कोट घालून दारात उभ्या. तेव्हापासून मी तव्यावर भाजणं सोडलं आणि ओव्हनवर आले.

सहा मोठे कांदे उभे चिरून, दोन चमचे खोबरेल तेल चोळून ट्रेमध्ये पसरा. २०० अंश सेल्सिअस, म्हणजे इकडच्या ओव्हनवर ४०० फॅरनहाइट, तीस ते पस्तीस मिनिटं. मधे एकदा हलवा. कडा काळपट झाल्या पाहिजेत, घाबरू नका. दीड वाटी सुकं खोबरं वेगळ्या ट्रेमध्ये, १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं. याच्यावरून नजर काढायची नाही, खोबरं अर्ध्या मिनिटात बदामीचं काळं होतं. तीन चमचे तीळ आणि दोन चमचे खसखस कोरड्या कढईत. मग दोन गड्डे लसूण, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर घालून अगदी कमी पाण्यात वाटायचं. इकडच्या ब्लेंडरमध्ये घट्ट वाटण फिरत नाही, भारतातून मिक्सर आणला असेल तर त्याची किंमत आज कळते.

या वाटणाच्या पाच-सहा वड्या एक किलो चिकनला पुरतात. फ्रीझरमध्ये दोन महिने चव चांगली राहते.

चिकनचा कुठला भाग घ्यायचा?

मांडी. हाडासकट असेल तर उत्तम. मांडीत स्नायूंना बांधून ठेवणारा जो चिवट भाग असतो तो मंद आचेवर हळूहळू विरघळतो आणि रस्सा ओठाला चिकटतो. ब्रेस्टमध्ये तो जवळजवळ नसतो, म्हणून सात तासांनी ब्रेस्टचा भुगा होतो. ब्रेस्टच हवं असेल तर लोवर अडीच-तीन तासांत बघायला लागा, ऑफिसच्या दिवशी ते जमत नाही.

इथल्या सुपरमार्केटमध्ये रश्श्याचे तुकडे मिळत नाहीत. हलाल दुकानात जा, कातडी काढून करी कट मागा, समोर करून देतात. शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर अशी दुकानं आहेत, युरोपात तुर्की दुकानदार हे काम मनापासून करतात.

गावरान कोंबडीची आठवण येत असेल तर त्याच दुकानात अंडी घालून थकलेली म्हातारी कोंबडी विचारा. हार्ड चिकन म्हणाल तर समजतात. ती चिवट असते, तिला लोवर आठ तास लागतात, आणि तिच्या रश्श्याची चव ब्रॉयलरला येत नाही. स्लो कुकरचं खरं चीज होतं ते या कोंबडीत.

चिकन धुवायचं की नाही?

आपण सगळ्या धुणाऱ्याच. हळद-मीठ लावून तीन पाण्यातून. पण कच्चं चिकन धुताना कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेलासारखे जंतू शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, म्हणून अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडच्या सरकारी खात्यांचा सल्ला आहे की धुऊ नका. जंतू शिजण्याने मरतात, धुण्याने नाही. मला ही सवय मोडायला दोन वर्षं लागली. आता कागदी टॉवेलने टिपून घेते, मग हळद, मीठ, लिंबू चोळते. वास राहत नाही.

पाणी किती घालायचं?

सुक्याला अजिबात नाही. रश्श्याला सुरुवातीला एक वाटी, तीसुद्धा वाटण परतलेली कढई खंगाळून घेतलेली. एक किलो चिकन स्वतःच वाटी-दीड वाटी पाणी सोडतं. पातळ रस्सा हवा असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत उकळतं पाणी घाला. आधी घातलं तर मसाला पाण्यात हरवतो.

भांडं निम्म्यापेक्षा कमी भरू नका आणि दोन तृतीयांशाच्या वर नेऊ नका. दोघंच असाल तर साडेतीन लिटरचं पुरे. मोठ्या भांड्यात थोडंसं चिकन टाकलं की कडेने करपतं.

लो की हाय?

बहुतेक भांड्यांत दोन्ही शेवटी साधारण ९८ अंशांपर्यंतच पोचतात, फरक फक्त पोचायला लागणाऱ्या वेळाचा. हाडासकट मांडीला लोवर पाच ते सहा तास, हायवर तीन. मी सकाळी आवरताना पहिला पाऊण-एक तास हायवर ठेवते आणि निघताना लो करते. चिकन ४ ते ६० अंशांच्या मधे जास्त वेळ रेंगाळू द्यायचं नसतं, जंतू तिथेच वाढतात.

एक साधा मांसाचा थर्मामीटर घ्या. आतलं तापमान ७४ अंश, म्हणजे १६५ फॅरनहाइट झालं की चिकन सुरक्षित. मांडी मात्र ८५-९० पर्यंत गेली की खरी मऊ लागते. आणि झाकण उघडून बघू नका. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांची धग जाते.

फ्रीझरमधलं चिकन तसंच टाकलं तर?

नको. गोठलेलं चिकन फार हळू तापतं आणि धोक्याच्या तापमानात बराच वेळ राहतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. वाटणाच्या वड्या मात्र थेट कढईत टाकल्या तरी चालतात.

सकाळी आठला निघायचं असतं. रात्री तयारी कशी ठेवू?

चिकनला मीठ-हळद-आलं-लसूण लावून एका डब्यात, परतलेलं वाटण दुसऱ्या डब्यात, दोन्ही फ्रीजमध्ये. चिनी मातीच्या भांड्यात भरून ते आख्खं भांडं फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो, पण गार भांडं एकदम तापलं की तडकू शकतं, आणि आतलं चिकन तापायलाही वेळ लागतो. सकाळी वाटण दोन मिनिटं गरम करून ओता आणि निघा. टायमर लावून दुपारी आपोआप चालू होईल असं करू नका, कच्चं चिकन तेवढे तास बाहेर राहतं. आपोआप बंद होऊन वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर, जाणारं मॉडेल मिळालं तर चांगलं, पण वॉर्म हे शिजवायचं बटण नव्हे.

घरी आल्यावर ओव्हनचं घड्याळ लुकलुकताना दिसलं, म्हणजे दिवसात कधीतरी वीज गेली होती. किती वेळ ते कळत नसेल तर ते चिकन टाकून द्या. जिवावर येतं, तरी टाका.

तर्री येत नाही. लाल रंग कुठे जातो?

तर्री येते ती तेल तापून, उकळून वर सुटल्यामुळे. इथे उकळीच नाही, शिवाय पाच-सहा तासांत तिखटाचा रंगही मंदावतो. म्हणून तर्री शेवटी वरून द्यायची. छोट्या कढल्यात तीन चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, तीस सेकंद थांबा, मग दोन चमचे काश्मिरी किंवा बेडगी मिरचीचं तिखट घाला. फेस येईल, सुगंध सुटेल. काळं पडू लागलं तर तेल जास्त तापलं होतं, टाकून परत करा. हे रश्श्यावर ओतून पाच मिनिटं झाकण ठेवा. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा वाटीतला कट बघून म्हणाल्या, "हे तर आपलंच." तेवढं मला पुरलं.

तेल खोबरेल, अ‍ॅव्होकॅडोचं किंवा ऑलिव्हचं. खोबरेलाचा वास नको असेल तर रिफाइंड खोबरेल मिळतं. शेंगदाणा तेल नाही.

तांबड्या रश्श्याचं प्रमाण सांगा.

हाडासकट चिकन एक किलो. त्याला दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आलं-लसूण, अर्ध्या लिंबाचा रस. कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात तमालपत्र, दोन लवंगा, इंचभर दालचिनी. खडा मसाला नेहमीच्या निम्मा घ्या, कारण पाच तास भिजून त्याचा उग्रपणा चढतो, लवंगेचा तर फारच. वाटणाच्या सहा वड्या घालून परता. मग दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला. आमच्याकडे कोल्हापूर-साताऱ्यात याला नुसती चटणी म्हणतात, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची करून ठेवतात, आणि परदेशी निघालेल्या प्रत्येक पोराच्या बॅगेत तिची पिशवी तीन प्लॅस्टिकांत गुंडाळून जाते. चटणी घातल्यावर आच कमी करा आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता, चार-पाच मिनिटं. एक छोटा टोमॅटो किसून घाला.

चिकन भांड्यात, वर हा मसाला, वर कढई खंगाळलेलं वाटीभर पाणी. हायवर एक तास, लोवर चार-साडेचार. शेवटी दोन वाट्या उकळतं पाणी, हायवर वीस मिनिटं, वरून तर्री, कोथिंबीर. मीठ शेवटी चाखून वाढवा. पाणी आटत नसल्यामुळे सुरुवातीचा अंदाज चुकतो.

पांढरा रस्सा जमतो का? नारळाचं दूध फाटतं.

जमतो. आधी हाडं, पाठीचे तुकडे आणि पंख, थोडं आलं-लसूण, दोन मिरी, मीठ आणि बुडेल इतकं पाणी घालून लोवर आठ-दहा तास अळणी पाणी करून घ्या. गाळा. काजू, तीळ, खसखस भिजवून अगदी मऊ वाटा. हे वाटण आणि नारळाचं दूध शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, लोवर. दूध सकाळपासून टाकलं की फाटणारच. हिरवी मिरची चिरून घातलीत तर तिखट दिवसभर उतरतं, मी अख्खी टाकते आणि काढून घेते.

अळणी पाणी जास्तीचं करून डब्यांत भरून ठेवा. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत मुलं मगमधून पितात.

गोव्याकडचं काही?

काफ्रेल सगळ्यांत सोपं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग, जिरं, लिंबू किंवा नारळाचं व्हिनेगर. वाटून रात्रभर चिकनला लावायचं, पाणी अजिबात नाही, लोवर चार-साडेचार तास. मग चिकन बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवून ओव्हनच्या ब्रॉयलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या कडक आचेखाली, पाच मिनिटं, कडा खरपूस होईपर्यंत. भांड्यात उरलेला हिरवा रस कढईत आटवून वर ओता. ही शेवटची पाच मिनिटं टाळली तर ते काफ्रेल नव्हे.

खसखस मिळत नाही. काय करू?

सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथे राहणाऱ्यांनी भारतातून बॅगेत मुळीच आणू नये, फार महागात पडतं. तिच्याऐवजी काजू किंवा मगज बी घाला, तिळाचं प्रमाण थोडं वाढवा. दाटपणा येतो. चवीत थोडा फरक पडतो, पण रस्सा बिघडत नाही.

भाकरी नाही, भात नाही. मग रस्सा कशाबरोबर खायचा?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि त्याला गोड उत्तर नाही. पहिले पंधरा दिवस हात भाकरी शोधतो. आम्ही फ्लॉवर किसून, जिऱ्याची फोडणी देऊन, झाकण न ठेवता चार मिनिटं परततो. झाकण ठेवलं की लगदा होतो. कधी भाजलेलं रताळं, कधी सुरणाच्या काचऱ्या, कधी कोबी लांब चिरून रश्श्याखाली. दुधी आणि लाल भोपळ्याचे मोठे तुकडे शेवटच्या दीड तासात रश्श्यातच टाकले तर वेगळं काही लागत नाही. माझी मुलं भात खातात, त्यांच्यासाठी मी कुकर लावते. वाढत्या वयाच्या मुलांवर माझी ही पद्धत लादावीशी वाटत नाही.

शुगर, बीपीची औषधं चालू आहेत. सुरू करू का?

आधी डॉक्टरांना विचारा, आणि हे मी उगाच म्हणत नाही. इन्शुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात-पोळी एकदम बंद केली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. औषधाचं प्रमाण बदलावं लागतं आणि ते डॉक्टरच बदलू शकतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती खायची हाही त्यांचा प्रश्न. आमच्या ह्यांना फायदा झाला म्हणून तुम्हाला होईलच, असं मी कुणालाही सांगत नाही.

उरलेलं किती दिवस टिकतं?

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस. परत गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत करा, स्लो कुकरमध्ये नको, तो फार हळू तापतो. दुसऱ्या दिवशीचा रस्सा जास्त चांगला लागतो, हे काही मी सांगायला नको.

घरभर वास बसतो, कोटांना लागतो.

कपाटांची आणि बेडरूमची दारं आधी बंद करा, कोट आत. स्लो कुकर एक्झॉस्टच्या खाली ठेवा. काही जण गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त गॅलरीत ठेवतात, पण उणे तापमानात तिथे भांडं नीट तापत नाही. भांड्यावर हळदीचे डाग राहणारच, बेकिंग सोड्याची पेस्ट रात्रभर लावली की बरेचसे जातात.

इन्स्टंट पॉटवर, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरवर, स्लो कुकचं बटण आहे. वेगळं भांडं घेऊ का?

आधी आहे त्यावर करून बघा. त्याची धग फक्त तळातून येते, म्हणून लो बहुतेक वेळा कमी पडतं. नॉर्मल किंवा हाय वापरा आणि वेळ थोडा वाढवा. फायदा असा की वाटण त्याच भांड्यात परतता येतं.

भारतात परत जाताना स्लो कुकर नेऊ का?

अमेरिकेतला नको. तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. थेट लावला तर जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर भांड्यापेक्षा जड पडतो. युरोपातला किंवा ब्रिटनमधला २३० चाच असतो, त्याला फक्त पिन बदलावी लागते. आमच्या ओळखीचं एक जोडपं गेल्या वर्षी पुण्याला परतलं, त्यांचं पाच लिटरचं भांडं त्यांनी नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थ्याला दिलं. आत हळदीने पिवळं झालेलं, झाकणाचा एक कोपरा किंचित उडालेला. सोबत वाटणाच्या वड्यांचा एक ट्रे माझ्याकडून गेला. त्याचा रात्री अकराला फोन आला, पाणी किती घालू म्हणून.